मागणी एका ओळीत सांगा

आमदारांच्या संपर्क कार्यालयात आम्ही पाच जण सकाळी साडेनऊला पोचलो, तेव्हा बाकावर आधीच तेरा-चौदा माणसं होती. कुणाच्या हातात रेशनकार्ड, कुणाच्या हातात हॉस्पिटलचं कोटेशन, एका आजोबांकडे सातबारा. आमच्याकडे स्पायरल बाइंडिंग केलेलं बावीस पानी निवेदन होतं, मुखपृष्ठावर मेंदूचं रंगीत चित्र. नंबर लागला. स्वीय सहायकांनी निवेदन उघडलं, तीन पानं चाळली, मिटलं आणि विचारलं, "मॅडम, साहेबांनी नेमकं काय करायचं? एका ओळीत सांगा."

पाच जणांनी पाच ओळी सांगितल्या. एकीला शाळांमध्ये पदं हवी होती, एकाला नोंदणीसाठी परिषद, एकाला भोंदू समुपदेशकांवर कारवाई, एकीला कंत्राटी मानधनात वाढ. मी म्हणाले, "समुपदेशन व्यवसायाला मान्यता." सहायकांनी मान डोलावली, निवेदनावर शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. सातबारावाल्या आजोबांचं काम चार मिनिटांत झालं. तहसीलदारांना तिथूनच फोन गेला.

आजोबांच्या मागणीत तहसीलदार होता. आमच्या मागणीत कुणीच नव्हतं. समोरच्याला "तुम्हाला नेमकं काय हवंय?" असं विचारून पोट भरणारी आम्ही माणसं, आणि तोच प्रश्न आमच्यावर आला तर उत्तर नाही! रिक्षात बसेपर्यंत कुणी बोललं नाही. पुढचं जे काही सांगणार आहे, ते त्या रिक्षात सुरू झालेल्या विचारातून आलेलं आहे. कायदा, नियम किंवा शासन निर्णय बदलून घ्यायला निघालेल्या समुपदेशकांसाठी ते लिहिते आहे.

पहिलं काम कायदे वाचण्याचं. व्हॉट्सअॅपवर फिरणारा सारांश वाचू नका, मूळ कायदाच वाचा. "कायद्यात समुपदेशक कुठेच नाही" हे वाक्य आपल्या प्रत्येक सभेत कुणी ना कुणी बोलतं, आणि ते चूक आहे. मंत्रालयातल्या एखाद्या कक्ष अधिकाऱ्यासमोर ते वाक्य उच्चारलं तर तो कलम काढून दाखवेल आणि तुमची फाइल तिथेच हलकी होईल.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ घ्या. तो २०१८ मध्ये अंमलात आला. त्याच्या कलम २ मध्ये 'मेंटल हेल्थ प्रोफेशनल' कोण याची व्याख्या आहे. त्यात मनोविकारतज्ज्ञ आहेत. कलम ५५ खाली राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर आहेत. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी आणि सिद्ध या शाखांत मानसरोगाचा पदव्युत्तर अभ्यास केलेले वैद्य आणि डॉक्टरही आहेत. समुपदेशक मात्र नाही. याचा अर्थ समुपदेशन बेकायदा ठरतं असा कुणी काढू नये. मानसिक आजाराच्या उपचारासाठी राज्याने उभारायच्या व्यवस्थेत या कायद्याने आपल्याला मोजलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि मोजणी तर होणार आहे. कलम ३१ म्हणतं, की लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी सरकारने कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत प्रयत्न करावेत. म्हणजे २०२८. ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सरकारला मुदतीची आठवण करून देणारं निवेदन सरकारच्या कामाचं असतं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, १९९२ च्या कायद्याखाली. तो वेगळा रस्ता आहे, त्याची अर्हता वेगळी आहे. आपली मागणी त्या रस्त्यावर नेऊन उभी करू नका. तिथे आधीच रांग आहे आणि त्या रांगेतले लोक आपल्याला घुसखोर समजतील.

आपल्यासाठी खरा महत्त्वाचा कायदा २०२१ चा, सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा. २८ मार्च २०२१ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे दहा गट आहेत आणि सातवा गट सामुदायिक काळजी आणि वर्तनविषयक आरोग्यशास्त्रांचा आहे. त्यात सायकॉलॉजिस्ट आहेत, 'इंटिग्रेटेड बिहेवियरल हेल्थ कौन्सेलर' आहेत, आजारविषयक समुपदेशक आहेत, एचआयव्ही आणि कुटुंबनियोजनाचे समुपदेशक आहेत, मेंटल हेल्थ सपोर्ट वर्करही आहेत. म्हणजे आपण कायद्यात आहोत. शाळेत किंवा कॉलेजात बसणारी, लग्न मोडायला आलेल्या जोडप्यांशी बोलणारी, कंपनीत 'वेलनेस' या नावाखाली नेमलेली व्यक्ती यातल्या कुठल्या नावाखाली येते, तिची किमान पदवी कोणती आणि प्रत्यक्ष कामाचे तास किती, हे प्रश्न मात्र परिशिष्टातल्या दोन-तीन इंग्रजी शब्दांनी सुटत नाहीत. ते सुटतात नियमांत, विनियमांत, अभ्यासक्रमाच्या मसुद्यांत. आणि तिथे आपण नसतो, कारण आपण अजून "कायदा करा" असंच म्हणत बसलेलो असतो.

ही यादी कशी घडली तेही पाहा. २०१८ च्या मूळ विधेयकात पंधरा गट आणि त्रेपन्न व्यवसाय होते. विधेयक संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीकडे गेलं, तिचा अहवाल जानेवारी २०२० मध्ये आला, मग सरकारने नवं विधेयक आणलं आणि गट दहा झाले. स्थायी समिती लोकांकडून लेखी म्हणणं मागवते, संघटनांना साक्षीला बोलावते. गट पंधराचे दहा होत असताना ज्या व्यवसायांच्या संघटना कागद घेऊन दिल्लीत पोचत होत्या, त्यांना आपल्या व्यवसायाचं नाव कसं छापायचं यावर बोलता आलं. आता संसदेत परत जायची गरज नाही. केंद्र सरकार आयोगाशी सल्लामसलत करून अधिसूचनेने परिशिष्ट बदलू शकतं. नवा कायदा मागण्यापेक्षा अधिसूचना मागणं कितीतरी स्वस्त पडतं.

याशिवाय 'समुपदेशक' हा शब्द इतर कायद्यांत विखुरलेला आहे. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ६ मध्ये राज्य सरकारने उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून समुपदेशकांची संख्या आणि वर्ग ठरवावेत असं आहे. आपल्याकडच्या कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक नावाची खुर्ची आहे, ती या ओळीमुळे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याच्या कलम १४ खाली दंडाधिकारी दोघांना किंवा एकाला समुपदेशनाला पाठवू शकतात. आणि २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, ही त्यातली एक. योग्य कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत.

अर्हताप्राप्त म्हणजे कोण? पदव्युत्तर शिक्षण आणि देखरेखीखालच्या कामाचा अनुभव असलेला, की शनिवार-रविवारच्या शिबिरात लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र मिळवलेला? एका शाळेच्या जाहिरातीत मी 'समुपदेशक तथा ग्रंथपाल' असं पद पाहिलं आहे. संस्थाचालकाला दोष देऊन काय करणार, त्याला कुणी यादी दिलेली नाही. आज आपल्याला जी मागणी करायची आहे ती इथे बसलेली आहे.

पण त्याआधी घरातलं भांडण मिटवावं लागेल. समुपदेशक कोण, याचं आपल्या आपल्यात एकमत नाही. समुपदेशनाची पदविका केलेले म्हणतात अनुभव मोजा, एम. ए. झालेले म्हणतात पदवी मोजा, समाजकार्यवाले म्हणतात आम्हाला विसरू नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या याच कायद्याकडे बोट दाखवून मानसशास्त्रासह काही विषयांचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देऊ नयेत असं सांगितलं. मुलं मोठी झाल्यावर तालुक्याच्या गावी बसून दूरस्थ पद्धतीने एम. ए. करणाऱ्या कितीतरी बायकांचा रस्ता त्या पत्रकाने बंद केला. निर्णय योग्य की अयोग्य यावर आमच्या गटात दोन तास वाद झाला. माझं मत असं, की प्रात्यक्षिकाशिवाय समुपदेशक घडत नाही, हे खरं. पण प्रात्यक्षिकाची सोय तालुक्यापर्यंत नेण्याची मागणी आपण वेळेत केली नाही, हेही तितकंच खरं. असो. मुद्दा एवढाच, की हा वाद आमदारांच्या टेबलावर घालू नका. दोन संघटना दोन परस्परविरोधी निवेदनं घेऊन गेल्या की लोकप्रतिनिधी सुटकेचा निःश्वास टाकतो: "तुमचं आधी ठरू द्या."

म्हणून गावातल्या, जिल्ह्यातल्या समुपदेशकांनी एकदा एका खोलीत बसावं आणि किमान तीन गोष्टी लिहून काढाव्यात. किमान शिक्षण काय, देखरेखीखालचं काम किती, आणि आधीपासून काम करणाऱ्यांना सामावून घ्यायचं ते कोणत्या अटीवर. पूर्ण एकमत होणार नाही. ज्यावर होईल तेवढंच पुढे न्या.

त्याच आठवड्यात जिल्ह्यातल्या एक-दोन मनोविकारतज्ज्ञांनाही भेटा. बरेच समुपदेशक हे टाळतात, मीही टाळलं होतं. आमदार तुमचं निवेदन वाचल्यावर पहिला फोन कुणाला करतील? ओळखीच्या डॉक्टरांना. डॉक्टर म्हणाले, "हे लोक आमच्या पेशंटच्या गोळ्या बंद करायला लावतात," की संपलं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०६ मध्ये आपापल्या क्षेत्राबाहेरचे उपचार सुचवण्याला मनाई आहे. ते कलम व्याख्येतल्या व्यावसायिकांसाठी असलं तरी तीच मर्यादा आपण आपल्या मसुद्यात स्वतःहून लिहावी: औषधांबद्दल बोलणार नाही, धोक्याची लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे पाठवू. ही ओळ लिहिली की विरोध निम्मा होतो. आम्हाला ज्या डॉक्टरांची सगळ्यात जास्त भीती होती, त्यांनीच नंतर पाठिंब्याचं पत्र दिलं, तेही लेटरहेडवर.

आता मागणी कुणाकडे न्यायची. घटनेच्या सातव्या अनुसूचीत समवर्ती सूचीतली २६ वी नोंद कायदा, वैद्यक आणि इतर व्यवसायांबद्दल आहे. म्हणजे व्यवसायांबद्दल केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. महाराष्ट्राने ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी २००२ चा कायदा करून राज्य परिषद दिली होती, तेव्हा देशपातळीवर तसा कायदा नव्हता. पण आता केंद्राचा कायदा आहे म्हटल्यावर राज्याकडे स्वतंत्र समुपदेशक परिषद मागणं हा मला वेळेचा अपव्यय वाटतो. राज्याकडे मागण्यासारखं बाकी पुष्कळ आहे, फक्त खातं बरोबर पकडा. व्यावसायिक परिषदा वैद्यकीय शिक्षण विभागाच्या. जिल्हा रुग्णालयातली पदं सार्वजनिक आरोग्य विभागाची. शाळा शालेय शिक्षणाकडे, महाविद्यालयं उच्च शिक्षणाकडे, संरक्षण अधिकारी आणि बालगृहं महिला व बालविकासकडे. आरोग्यमंत्र्यांना शाळेतल्या समुपदेशकाबद्दल निवेदन दिलंत तर ते 'उचित कार्यवाहीसाठी' दुसऱ्या विभागाकडे जातं. 'उचित कार्यवाहीसाठी' या शब्दांवर कितीतरी चांगली निवेदनं चिरनिद्रा घेत आहेत.

आमचं दुसरं निवेदन एका पानाचं होतं. विषयाची ओळ अशी: "सर्वोच्च न्यायालयाच्या दि. २५ जुलै २०२५ च्या निकालास अनुसरून, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शाळांमध्ये नेमावयाच्या समुपदेशकाची किमान शैक्षणिक अर्हता शासन निर्णयाद्वारे निश्चित करणेबाबत." लांब आहे, पण यात कोणी, कशाच्या आधारावर, काय आणि कोणत्या मार्गाने करायचं ते सगळं आलं. खाली तीन परिच्छेद: अडचण काय, निकाल काय म्हणतो, आम्ही सुचवत असलेली अर्हता काय. संस्थेचा नोंदणी क्रमांक, दोघांच्या सह्या, दोघांचे मोबाइल नंबर. जोडपत्रात निकालाचं फक्त ते पान, त्या सूचनेला पिवळ्या मार्करने खूण करून. मेंदूचं चित्र काढून टाकलं. तुम्ही असं निवेदन लिहिण्याआधी शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर त्या विभागाचे अलीकडचे निर्णय जरूर पाहा. त्या विषयावर काही निघालेलं असेल तर त्याचा दिनांक आणि संगणक संकेतांक देऊन त्यातली उणीव दाखवा. निघालेला निर्णय पुन्हा मागणाऱ्याला कार्यालयात कुणी मोजत नाही.

आकड्यांबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण इथे आपण फार घसरतो. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण प्रत्येक निवेदनात असतं: प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक विकार होता, आणि वेगवेगळ्या विकारांत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के. आकडे बरोबर आहेत. पण ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. "आपल्या राज्यातले दहा टक्के लोक" असं आमदारांच्या तोंडी घातलंत आणि मंत्र्यांनी सभागृहात "हे सर्वेक्षण आपल्या राज्यात झालेलंच नाही" असं उत्तर दिलं, तर आमदार तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. त्याऐवजी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे राज्यवार मिळतात. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. हा आकडा द्या, पण त्याच्यापुढे "समुपदेशक असते तर हे जीव वाचले असते" असं वाक्य जोडू नका. आत्महत्येमागे कर्ज असतं, व्यसन असतं, आजारपण असतं, घरातली मारहाण असते. आपल्याला हे माहीत असूनही आपण मोहाने तसं लिहितो.

सगळ्यात कामाचा आकडा मात्र छापील अहवालात नसतो, तो माहितीच्या अधिकारात मिळतो. तुमच्या जिल्ह्यात समुपदेशकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती, आणि भरलेल्यांची शैक्षणिक अर्हता काय. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर तीस दिवसांत अपेक्षित. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, तेव्हा प्रस्तावना लिहू नका. आमच्या एका सहकाऱ्याने अर्जात मानसिक आरोग्याचं महत्त्व सव्वा पान समजावलं होतं. अर्ज परत आला. "आपल्या मतदारसंघातल्या उपजिल्हा रुग्णालयात मंजूर पद एक, रिक्त एक" या ओळीने आमदार जितके ताठ बसतात तितके राष्ट्रीय टक्केवारीने बसत नाहीत.

भेटीची वेळही पाहा. राज्य विधिमंडळाची अधिवेशनं तीन: मार्चच्या आसपास अर्थसंकल्पीय आणि नंतर पावसाळी, ही मुंबईत, डिसेंबरमध्ये हिवाळी, नागपुरात. अधिवेशन सुरू झाल्यावर आमदारांना गाठायला जाणं म्हणजे वरात निघाल्यावर बस्ता बांधायला जाणं. प्रश्नांच्या सूचना बऱ्याच आधी द्याव्या लागतात, म्हणून दीड-दोन महिने आधी जा आणि प्रश्नाचा मसुदा स्वतः लिहून न्या. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं. तारांकिताची चमक मोठी, पण पुष्कळ तारांकित प्रश्न वेळेअभावी चर्चेला येतच नाहीत. आकडे हवे असतील तर अतारांकित पुरेसा असतो. एखादी घटना नुकतीच घडलेली असेल तर लक्षवेधी सूचना. अर्थसंकल्पावरच्या मागण्यांच्या वेळी कपात सूचना देता येते. पदांसाठी तरतूद नाही हे सांगण्याची ती जागा. लोकांच्या अर्जांसाठी विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, तिचा वापर आपल्यातलं जवळजवळ कुणीच करत नाही.

खासगी विधेयकाचा आग्रह मात्र धरू नका. १९५२ पासून संसदेत मंजूर झालेल्या खासगी सदस्यांच्या विधेयकांची संख्या चौदा आहे आणि शेवटचं १९७० मधलं. चर्चा घडवायला ते ठीक आहे, त्यावर आशा ठेवून वर्षं घालवू नयेत.

मंत्री उत्तरात म्हणाले, "याबाबत तपासून तीन महिन्यांत कार्यवाही केली जाईल," तर टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तारीख, प्रश्न क्रमांक आणि मंत्र्यांचं वाक्य हाती असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा त्याच आमदारांकडे जाता येतं.

आपण संख्येने थोडे आहोत, याची खंत बैठकांत सारखी ऐकू येते. खरं आहे. आशाताई आणि अंगणवाडी सेविका हजारोंनी रस्त्यावर उतरतात, तसं आपल्याला जमणार नाही आणि नागपूरच्या मोर्चात चाळीस जणांनी फलक धरून उभं राहणं केविलवाणं दिसतं. पण एक जागा अशी आहे जिथे थोडे लोकही मोजले जातात. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात पदवीधर मतदारसंघांच्या आहेत आणि सात शिक्षक मतदारसंघांच्या. पदवी मिळून तीन वर्षं झालेल्या कुणालाही पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवता येतं, नमुना १८ भरून. तीन वर्षांची गणती १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाला होते. आणि ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने केली जाते, मागच्या वेळी नोंदवलं होतं म्हणून नाव आपोआप राहत नाही. आमच्या गटात सदतीस जण होते, सगळे पदवीधर, पण यादीत नाव किती जणांचं? चौघांचं. पदवीधरांच्या आमदाराला भेटायला गेल्यावर त्यांनी सहज विचारलं, "तुमच्यापैकी मतदार किती?" तेव्हा खुर्चीत चुळबुळ करण्यापलीकडे काही करता आलं नाही.

सरकारी किंवा कंत्राटी नोकरीत असलेल्यांनी थोडं जपून. सेवेच्या बाबतीत राजकीय दबाव आणणं महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांना धरून नाही, आणि कंत्राटी मंडळींच्या नेमणुकीच्या पत्रातही काही अटी असतात. त्यांनी आकडे गोळा करावेत, मसुदा तपासावा. निवेदनावर सही संस्थेच्या पदाधिकाऱ्याची असावी.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. आमदार म्हणतील, "एखादी केस सांगा ना." पत्रकारही म्हणतील. आपल्या पोतडीत केस भरपूर असतात आणि खरी गोष्ट आकड्यापेक्षा जास्त हलवते, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरीही माझा नियम असा: चालू क्लायंटची गोष्ट सांगायची नाही, नाव बदलूनही नाही. लहान गावात नाव बदलून काही लपत नाही. 'बारावीतली, वडील एसटीत, धाकटा भाऊ अपंग' एवढं बोललं की तिसऱ्या गल्लीला कळतं. आणि क्लायंटची परवानगी घेतली म्हणाल, तर ज्याच्यावर तो अवलंबून आहे त्याला नाही म्हणणं त्याला किती सोपं असतं? त्याऐवजी आपली स्वतःची गोष्ट सांगा. एका दिवसात किती मुलं येतात, कोणत्या खोलीत बसता, दार लागतं की नाही. माझी एक मैत्रीण शाळेच्या प्रयोगशाळेत, सांगाड्याच्या काचेच्या कपाटाशेजारी बसून मुलांशी बोलायची आणि दर पस्तीस मिनिटांनी पुढच्या वर्गासाठी उठायची. हे तिने शिक्षणाधिकाऱ्यांसमोर सांगितलं तेव्हा कुणाचाही गुपितभंग झाला नाही, आणि खोली मिळाली.

वेळ किती लागेल, हे विचारणाऱ्यांना मी अमेरिकेचं सांगते. तिथे समुपदेशकांना परवाना देणारा पहिला कायदा व्हर्जिनिया राज्यात १९७६ मध्ये झाला, आणि शेवटचं राज्य कॅलिफोर्निया, २००९ मध्ये. तेहतीस वर्षं, एकेक राज्य करत. ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातून, म्हणजे मेडिकेअरमधून, समुपदेशकांचं शुल्क मिळू लागलं ते १ जानेवारी २०२४ पासून, २०२२ च्या डिसेंबरअखेर झालेल्या कायद्यामुळे. तोपर्यंत पासष्टी ओलांडलेला क्लायंट मेडिकेअरवर गेला की जुन्या समुपदेशकाचे पैसे विम्यातून मिळत नसत. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ ने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायला सांगितलं आहे, पण त्यात समुपदेशकाचं बिल बसतं का, हा प्रश्न अजून कुणी नीट विचारलेला मी पाहिला नाही. तुमच्यापैकी विम्याची भाषा येणारं कुणी असेल तर एक वेगळी फाइल त्यासाठी उघडा. एकाच निवेदनात घालू नका.

निवेदन दिल्यावर पोच घ्या. दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. मंत्रालयात पत्र गेलं असेल तर ते कोणत्या कार्यासनाकडे आहे ते विचारा. फाइल त्या कार्यासनावरच्या माणसाच्या टेबलावर असते, मंत्र्यांच्या नव्हे, आणि त्या माणसाला तुमच्या विषयाबद्दल दोन मिनिटं सौजन्याने समजावलं तर तो टिपणीत तुमची ओळ बरोबर लिहितो. फोन करताना "काय झालं?" असं विचारू नका. "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, पत्र आपल्याकडे पोचलं का?" असं विचारा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी. आमच्यात हे काम एका निवृत्त लघुलेखिकेकडे आहे. त्या समुपदेशक नाहीत, एकीच्या सासूबाई आहेत. त्यांच्या वहीत प्रत्येक फोनची नोंद असते: कोण बोललं, काय म्हणालं, पुढचा फोन कधी.

एका पानाचं निवेदन घेऊन आम्ही पुन्हा त्याच कार्यालयात गेलो, या वेळी दोघीच. बाकावर गर्दी तेवढीच होती. सहायकांनी विषयाची ओळ वाचली, पिवळी खूण पाहिली, आणि विचारलं, "हे शालेय शिक्षणकडे ना?" मी हो म्हणाले. त्यांनी आमदारांच्या लेटरहेडवरचं पत्र टाइप करायला घेतलं आणि मध्येच थांबून मान वर केली, "अर्हता इथे एम. ए. लिहिली आहे, एम. एस. डब्ल्यू. चालेल की नाही?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्याचं उत्तर मात्र खोलीत बसून आधीच ठरवलं होतं.